पडदा भरला, चित्र सांडलें

मराठी मध्यमवर्गीय घरांतून भिंतीवर टीव्ही चढल्यापासून त्याच्याविषयींची एकच तक्रार आम्ही सतत ऐकत आलों आहों, व ती अशी कीं, चित्रपट लावला म्हणजे चित्राच्या वर आणि खालीं काळ्या पट्ट्या दिसतात. गेल्या गणेशोत्सवांत आमचे मेहुणे आमच्याकडे उतरले होते. जेवणें आटोपल्यावर मंडळी चित्रपट पाहावयास बसली, तों मेहुण्यांनीं विचारलें, "दाजी, एवढा मोठा टीव्ही घेतलात, तो काय काळ्या पट्ट्या बघायला?" आणि उत्तराची वाट न पाहतां त्यांनीं रिमोटवरचें बटण दाबून चित्र फुगविलें. पट्ट्या गेल्या, पण पडद्याच्या डाव्या कडेस उभा असलेला एक मनुष्यहि त्यांबरोबर गेला. त्याचा आवाज मात्र खोलींत येत राहिला, आणि उजवीकडची बाई भिंतीशीं बोलत असल्यासारखी दिसूं लागली. मेहुणे समाधानानें तक्क्याला टेकले. पडदा भरला होता.

मेहुण्यांवर आमचा रोष नाहीं. त्यांचा जन्म दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यांत गेला आहे, आणि एक रुपयाची चूक सांपडेपर्यंत त्यांस झोंप येत नाहीं. परंतु डोळ्यांदेखत चित्राचा चौथा हिस्सा गहाळ झाला, हें त्यांच्या ध्यानांतहि आलें नाहीं. कारण तें ध्यानांत घ्यावयाचें असतें असें त्यांना कोणीं सांगितलेंच नाहीं. उलट, चित्रपटांच्या तबकड्या विकणाऱ्यांनीं वर्षानुवर्षें पेट्यांवर जे शब्द छापले, त्या शब्दांनीं हाच समज दृढ केला कीं, भरलेला पडदा म्हणजे पुरतें चित्र, आणि रिकामा राहिलेला पडदा म्हणजे गिऱ्हाइकाचा तोटा. आमचा आरोप या शब्दांवर आहे. ते चित्राविषयीं बोलत नाहींत. गिऱ्हाइकाच्या काचेविषयीं बोलतात. विकावयाचें एक आणि वर्णन दुसऱ्याचेंच करावयाचें, असा हा व्यवहार आहे.

आम्ही स्वतः या बाबतींत प्रथमपासून शहाणे होतों असें मात्र कोणीं समजूं नये. २००४ सालीं अमेरिकेंत धाकट्या बंधूंकडे गेलों असतां तेथील एका मोठ्या दुकानांत एकाच युद्धपटाच्या दोन डीव्हीडी शेजारीं शेजारीं मांडलेल्या पाहिल्या. किंमत एक, मुखपृष्ठ एक. फरक एवढाच कीं, एकीवर वाइडस्क्रीन असें छापलें होतें व दुसरीवर फुलस्क्रीन. आम्ही इंग्रजी शिकविणारे. फुल म्हणजे पूर्ण, हा अर्थ आमच्या जिभेवरच होता. अर्धवट रुंद वस्तूपेक्षां पूर्ण वस्तु बरी, असा न्याय करून आम्हीं दुसरी पेटी उचलली, आणि घरीं येऊन निम्म्याहून थोडें अधिक चित्र पाहिलें. बंधूंच्या मुलानें, तो तेव्हां शाळेंत जात होता, आम्हांस समजावून सांगितलें कीं, "काका, पूर्ण म्हणजे तुमचा टीव्ही पूर्ण, सिनेमा नाहीं." वीस वर्षें भाषा शिकविणाऱ्या मनुष्यास विशेषणाचें विशेष्य कोणतें हें एका शाळकरी पोरानें दाखवावें, याची लाज आम्हांस अजून वाटते. त्या लाजेंतूनच हा लेख लिहिला आहे असें कोणी म्हटलें तरी आमची हरकत नाहीं.

या घोटाळ्याचें मूळ जुनें आहे व तें समजल्यावांचून पेटीवरचा एकहि शब्द उलगडत नाहीं. चित्राच्या रुंदीस उंचीनें भागिलें म्हणजे जो अंक येतो त्यास आस्पेक्ट रेशो म्हणतात. आम्ही या लेखापुरतें त्यास नुसतें 'प्रमाण' म्हणूं. एडिसनच्या कारखान्यांत डिक्सन यांनीं ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर चार भोकांइतक्या उंचीची चौकट बसविली, आणि मूकपटांचें प्रमाण १.३३, म्हणजे चारास तीन, असें रूढ झालें. बोलपट आल्यावर फितीच्या कडेस आवाजाचा पट्टा बसविणें भाग पडलें, चौकट थोडी आक्रसली, आणि १९३२ सालीं हॉलिवूडच्या अकादमीनें १.३७ हें प्रमाण ठरवून टाकलें. पहिल्याहून तें फारसें वेगळें नाहीं. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) याच घडणीच्या, चौरसाकडे झुकणाऱ्या चौकटीचा आहे. पुढें टीव्ही निघाला तेव्हां त्यानेंहि आपली काच सिनेमाच्याच मापाची, चारास तीन, घेतली. येथपर्यंत घर आणि थिएटर यांचें जुळत होतें.

बिनसलें तें टीव्हीनें अमेरिकेंतील प्रेक्षक घरीं बसविल्यावर. सिनेमावाल्यांनीं मग घरच्या काचेंत मावणारच नाहीं असें चित्र काढण्याचा चंग बांधला. १९५२ च्या सप्टेंबरांत तीन प्रक्षेपक एकदम चालवून वांकड्या पडद्यावर दाखविला जाणारा सिनेरामा न्यूयॉर्कांत अवतरला. दुसऱ्याच वर्षीं ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सनें 'द रोब' हा चित्रपट सिनेमास्कोपांत काढला. यांतील युक्ति हेन्री क्रेतियें या फ्रेंच शास्त्रज्ञाची. त्यानें शोधिलेलें भिंग चित्र घेतांना तें आडवें निम्म्यानें दाबून फितीवर बसवी, आणि दाखवितांना तसेंच दुसरें भिंग तें पुन्हां उलगडून पसरी. या दाबण्या-उलगडण्यास ॲनामॉर्फिक म्हणतात. सिनेमास्कोपचें प्रमाण आरंभीं २.५५ होतें, फितीवर प्रकाशमुद्रित आवाज आल्यावर तें २.३५ झालें, व १९७० नंतर २.३९, पेट्यांवर कोठें २.३५, कोठें २.४० असें छापतात, त्यावरून कोणीं भांडत बसूं नये. ज्यांनीं हें भिंग घेतलें नाहीं त्यांनीं साधाच मार्ग पत्करला. नेहमींचीच चौकट भरून चित्रण करावयाचें, आणि थिएटरांत तिचा वरचा व खालचा भाग झांकून मधला रुंद पट्टा तेवढा दाखवावयाचा. अमेरिकेंत १.८५ व युरोपांत १.६६ हीं प्रमाणें अशा झांकण्यानें रूढ झालीं. १९५९ च्या 'बेन-हर'चें प्रमाण तर २.७६ आहे, म्हणजे चित्राची उंची एक पुरुष धरली तर रुंदी पावणेतीन पुरुष.

यांतील गंमत वाचकांनीं लक्षांत घ्यावी. ही रुंदी मुद्दाम निर्माण केली गेली ती घरच्या काचेंत मावूं नये म्हणून. आणि पुढें तेच चित्रपट घरोघरीं विकण्याची संधि येतांच, ज्यांनीं ती निर्माण केली त्यांनींच ती कापून काढली. २.३५ चें चित्र चारास तीनच्या काचेवर उंचीनें पुरतें भरावयाचें तर त्यांतील शंभर भागांपैकीं सत्तावन्न उरतात, त्रेचाळीस फेंकावे लागतात. 'बेन-हर'चे तर अर्ध्याहून अधिक. आणि कोणते फेंकावयाचे हें दिग्दर्शक ठरवीत नाहीं. व्हिडिओ कारखान्यांतील कोणी तंत्रज्ञ यंत्रापुढें बसून, बोलणारा डावीकडे असला कीं चौकट डावीकडे सरकवितो, दुसरा बोलूं लागला कीं उजवीकडे. मूळ चित्रांत कॅमेरा स्थिर असतां घरच्या काचेवर तो हिंडूं लागतो, आणि जेथें एकच अखंड दृश्य होतें तेथें दोन तुकडे पडतात. या उद्योगास पॅन ॲण्ड स्कॅन म्हणतात. पेटीवर हें नांव सहसा येत नाहीं. तेथें येतें फुलस्क्रीन, किंवा स्टँडर्ड. कोणाचें स्टँडर्ड, हें विचारण्याची सोय नाहीं. आंत, चित्रपट सुरू होण्यापूर्वीं, हा चित्रपट तुमच्या पडद्यांत बसेल असा केला आहे अशा अर्थाची एक ओळ क्षणभर झळकून जाते. म्हणजे शिंप्यानें कापड आखूड केलें व तें तुमच्या अंगासाठींच केलें असें वर सांगितलें, तशांतला हा प्रकार.

एक उदाहरण आपल्याकडचेंच घेऊं. गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' (१९५९) हा भारतांतील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. छायालेखक व्ही. के. मूर्ति, पुढें दादासाहेब फाळके पुरस्कार मिळविणारे ते पहिले छायालेखक ठरले. कलादिग्दर्शक आपले मराठी चित्रकार एम. आर. आचरेकर. या दोघांसहि त्या चित्रपटाबद्दल फिल्मफेअर पारितोषिकें मिळालीं. आतां त्यांतील रिकाम्या स्टुडिओचा प्रसंग आठवा. वरून तिरपा उतरणारा प्रकाशाचा झोत, त्यांत तरंगणारी धूळ, आणि त्या अवाढव्य अंधाऱ्या जागेंत एकमेकांपासून दूर उभीं असलेलीं तीं दोघें. त्या प्रसंगाचा सगळा अर्थ त्या दोघांमधील अंतरांत आहे. सिनेमास्कोपची लांबरुंद चौकट दिग्दर्शकानें घेतली ती देखाव्याच्या थाटासाठीं नव्हे. तें अंतर मोजून दाखविण्यासाठीं. हें चित्र ज्या कोणत्या आवृत्तींत चारास तीनच्या काचेवर भरून दाखविलें जाईल तेथें एक तर पुरुष दिसेल, नाहींतर स्त्री, किंवा दोहोंमधील धूळ. अंतर दिसणार नाहीं, कारण तेंच कापलें आहे. आचरेकरांच्या नेपथ्याचे त्रेचाळीस टक्के कचऱ्यांत घालावयाचे आणि पेटीवर 'पूर्ण' म्हणून छापावयाचें, यास आमच्याजवळ सभ्य शब्द नाहीं.

सभ्य शब्द नसला तरी न्यायालयाचा शब्द आहे. सिडनी पोलॅक यांचा 'थ्री डेज ऑफ द कॉण्डोर' (१९७५) हा चित्रपट डेन्मार्कच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीनें १९९१ सालीं असाच कापून दाखविला. पोलॅक दाव्यास उभे राहिले. १९९७ सालीं तेथील न्यायालयानें असें ठरविलें कीं, हें करणें म्हणजे कलाकृतीचें अंगच्छेदन होय, आणि त्यानें दिग्दर्शकाच्या नैतिक हक्काचा भंग होतो. इतकें म्हणून एका तांत्रिक मुद्द्यावर निकाल मात्र दूरचित्रवाणीच्या बाजूनें दिला. पोलॅक हरले, परंतु अंगच्छेदन हा शब्द नोंदीस राहिला.

दुसऱ्या पेटीवरचा शब्द वाइडस्क्रीन. हा फुलस्क्रीनहून प्रामाणिक खरा, पण पुरता प्रामाणिक नव्हे. १.६६ हेंहि वाइडस्क्रीन, २.७६ हेंहि वाइडस्क्रीन. रुंद म्हटल्यानें किती रुंद तें कळत नाहीं. धोतराच्या पानावर 'लांब' एवढेंच लिहून कोणी दुकानदार विकीत नाहीं. त्यांतच १६:९ हा अंक मिसळला, आणि घोटाळा पक्का झाला. १६:९ म्हणजे १.७८. हें प्रमाण मुळांत चित्रपटाचें नव्हेच. १९८० नंतरच्या दशकांत नव्या टीव्हीचा आकार ठरवीत असतां कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्यानें सर्व प्रचलित चौकटी एकीवर एक ठेवून पाहिल्या व साऱ्यांस त्यांतल्या त्यांत सोईचा असा हा मधला आकार काढला. तडजोड उत्तम होती. पण ती काचेची तडजोड. पेटीवर १६:९ वाचून चित्रहि तेवढेंच आहे असें समजणारा गिऱ्हाईक, त्यांत २.३५ चें चित्र निघालें कीं पुन्हां त्याच काळ्या पट्ट्या पाहून दुकानदाराशीं भांडावयास जातो. दुकानदार बिचारा त्यास रिमोटवरचें झूम बटण दाखवितो. आमचे मेहुणे याच परंपरेंतले.

आणि ॲनामॉर्फिक! या शब्दानें तर विद्वानांसहि फसविलें आहे. सिनेमांत त्याचा अर्थ भिंगानें दाबलेलें चित्र, हें वर आलेंच. डीव्हीडीच्या पेटीवर त्याचा अर्थ अगदीं निराळा. आपल्याकडील पाल पद्धतीच्या डीव्हीडींत चित्राच्या आडव्या रेघा ५७६. चौकट चारास तीनची असो कीं सोळास नवाची, रेघा तेवढ्याच. २.३५ चें चित्र चारास तीनच्या चौकटींत पट्ट्यांसह बसविलें तर खऱ्या चित्राच्या वांट्यास सुमारे ३२७ रेघा येतात, बाकीच्या सगळ्या काळ्या रंगावर खर्च होतात. तेंच चित्र सोळास नवाच्या चौकटींत बसवून ती चौकट आडवी दाबून तबकडीवर ठेविली, आणि टीव्हीनें ती पुन्हां रुंद केली, तर चित्रास सुमारे ४३६ रेघा मिळतात. एक तृतीयांश नफा! चित्र तेवढें ठसठशीत होतें. ही दुसरी युक्ति म्हणजे पेटीवरचें ॲनामॉर्फिक. यामुळें असें घडतें कीं, ज्या चित्रपटास क्रेतियेंचें भिंग कधीं शिवलें नाहीं तो ॲनामॉर्फिक म्हणून विकला जातो, आणि जो खराखुरा सिनेमास्कोपांत घेतला आहे त्याची एखादी आळशी आवृत्ति 'नॉन-ॲनामॉर्फिक' असते. दोन्ही विधानें आपापल्या जागीं खरीं. एका विद्यार्थ्यानें आमच्यापुढें एकदां पेटीवरच्या या शब्दावरून चित्रपटाच्या छायालेखनावर पानभर टीका लिहून आणली होती. तींतील मराठी उत्तम होतें. २००६ पासून ब्लू-रे आली. तिची चौकट नेहमीं सोळास नवाचीच असल्यामुळें हा शब्द तेथें निरुपयोगी झाला, व कांहीं काळानें पेट्यांवरून नाहींसा झाला. त्याच्या जाण्याचें आम्हांस दुःख नाहीं.

या शब्दांनीं किती बुद्धिभेद केला याची साक्ष अमेरिकेंतीलच एका दाव्यांत मिळते. एमजीएम कंपनी आपल्या तबकड्यांच्या वेष्टनांतून असें सांगत असे कीं, वाइडस्क्रीन आवृत्तींत चित्र अधिक मिळतें, कारण साध्या आवृत्तींत कडा कापल्या जातात. कांहीं चिकित्सक गिऱ्हाइकांनीं १.८५ च्या चित्रपटांच्या दोन्ही आवृत्त्या शेजारीं ठेवून पाहिल्या, तों रुंदी दोहोंत सारखीच! उलट वाइडस्क्रीनमध्यें वरचा व खालचा भाग कमी. फसवणूक झाली म्हणून त्यांनीं सामुदायिक फिर्याद लावली. कंपनीनें दोष नाकबूल करून २००५ च्या सुमारास तडजोड केली, आणि दर तबकडीमागें ७.१० डॉलर किंवा बदली तबकडी देऊं केली. आतां यांत खरें कोणाचें? १.८५ चे चित्रपट साध्या चौकटींत घेऊन थिएटरांत वरखालीं झांकून दाखवितात हें आम्हीं सांगितलें आहे. तेव्हां वाइडस्क्रीन आवृत्तींत कमी चित्र आहे ही गिऱ्हाइकांची मोजणी बरोबर, परंतु तीच आवृत्ति खरी. आणि कंपनीची तबकडी निर्दोष, परंतु तिनें दिलेलें कारण खोटें. बरोबर वस्तु चुकीच्या कारणासाठीं विकली, आणि बरोबर मोजणाऱ्यांनीं ती चुकीच्या कारणासाठीं परत केली! 'अधिक चित्र' हें माप एकदां मान्य केल्यावर दुसरें काय व्हावयाचें?

येथें आमच्यावर एक आक्षेप येईल व तो वजनदार आहे. कापल्यानें चित्र बिघडतें तसें झांकलेलें उघडल्यानेंहि बिघडतें काय? जास्त दिसलें तर हानि कोणती? आमचें उत्तर असें कीं, लेखकानें खोडलेल्या ओळी पुन्हां छापून कोणी पुस्तक 'अधिक पूर्ण' करीत नाहीं. झांकलेल्या भागांत पुष्कळदां वरून लोंबणारा मायक्रोफोन असतो, नेपथ्याचा संपलेला कांठ असतो. आणि हें कांहीं नसलें तरी दिग्दर्शकानें चेहऱ्याच्या वर जी जागा मोजून ठेविली ती दुप्पट होऊन चेहरा विहिरीच्या तळाशीं गेल्यासारखा दिसतो. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या कांहीं चित्रपटांच्या पहिल्या डीव्हीडी उघड्या चौकटींत निघाल्या होत्या, त्यांवरून रसिकांचे वाद झाले. ते वाद होऊं शकले याचें कारण तेथें कर्त्याची इच्छा काय, हा प्रश्न कोणी विचारला. आमचें मागणें एवढेंच आहे.

हाच अपराध उलट दिशेनेंहि होतो, आणि आपल्या जुन्या बोलपटांचें नुकसान मुख्यतः त्यानें होतें. टीव्ही रुंद झाले तेव्हां चारास तीनचीं चित्रें त्यांत अरुंद दिसूं लागलीं. आतां काळ्या पट्ट्या उजव्या-डाव्या बाजूंस आल्या. तक्रार तीच, आणि उपायहि तसेच रानटी. एक उपाय ताणण्याचा. चित्र एक तृतीयांशानें आडवें फुगवावयाचें, म्हणजे सडपातळ नायिका स्थूल होतात व चंद्र लिंबासारखा होतो. दुसरा उपाय वरखालीं कापण्याचा. आमच्या महाविद्यालयांतील मंडळासाठीं काहीं वर्षांपूर्वीं आम्हीं एका जुन्या मराठी संतपटाची नवी तबकडी विकत आणली. पेटीवर मोठ्या अक्षरांत डिजिटल, रिमास्टर्ड आणि वाइडस्क्रीन हे तीन शब्द होते. चित्रपट घेतला गेला तेव्हां हा तिसरा शब्द जन्मलाहि नव्हता, हें आमच्या ध्यानांत यावयास हवें होतें, आलें नाहीं. दिवे मालवले, भजन सुरू झालें, आणि भजन करणाऱ्या वारकऱ्यांचीं मस्तकें कपाळापासून वर पडद्याबाहेर. टाळ दिसेनात, कारण ते कमरेपाशीं होते व कंबर खालच्या कडेबाहेर. शंभर मुलांपुढें आम्ही जुन्या मराठी चित्रकलेच्या नेटक्या मांडणीविषयीं पंधरा मिनिटें बोललों होतों. एका मुलीनें नम्रपणें विचारलें, "सर, त्या काळीं कॅमेरा नीट लावतां येत नव्हता का?"

हा प्रश्न आम्हांस आजहि बोंचतो. १.३७ चें चित्र १.७८ मध्यें कापून भरलें म्हणजे त्याचा चौथा हिस्सा जातो. पण त्या मुलीच्या मनांत जें गेलें त्याचें प्रमाण कोणत्या अंकानें सांगावें? तिला असें वाटलें कीं, आपले पूर्वज अडाणी होते. ज्यांनीं पुण्यांत स्टुडिओ उभारून व्हेनिसपर्यंत चित्र नेलें, त्यांच्या पिढीस चौकट लावतां येत नव्हती, असा शिक्का एका पुठ्ठ्याच्या पेटीनें मारला. कंपनीस आम्हीं पत्र लिहिलें. उत्तर आलें कीं, गिऱ्हाइकांस भरलेला पडदा आवडतो.

गिऱ्हाइकांची बाजू आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. एकवीस इंची टीव्हीच्या काळीं २.३५ चें चित्र पट्ट्यांसह पाहणें म्हणजे दाराच्या फटींतून लग्न पाहण्यासारखें होतें, आणि म्हाताऱ्या माणसांस त्यांतले चेहरे ओळखूं येत नसत. ती तक्रार त्या काळीं खरी होती. वुडी ॲलन यांनीं 'मॅनहॅटन' (१९७९) हा आपला चित्रपट व्हिडिओवर कापूं दिला नाहीं, पट्ट्यांसहच काढावयास लावला. तेव्हांहि अनेकांस तो हट्टच वाटला असेल. परंतु आज भिंतभर काचा लावून तीच तक्रार करणें म्हणजे संवय झाली म्हणून लंगडण्यासारखें आहे. 'मूळ प्रमाण' कोणतें हें नेहमीं सरळ नसतें, हेंहि आम्ही मान्य करतों. 'शेन' (१९५३) घेतला गेला १.३७ साठीं, आणि रुंद पडद्याची लाट आली म्हणून प्रदर्शित झाला १.६६ मध्यें. म्हणजे थिएटरांत दाखविलेलें प्रमाण म्हणजेच कर्त्याचें प्रमाण, असेंहि नाहीं. 'ऑन द वॉटरफ्रंट' (१९५४) त्या संक्रमणांतलाच. क्रायटेरियन या प्रकाशकानें २०१३ सालीं त्याची आवृत्ति काढतांना १.६६, १.८५ व १.३३ अशीं तिन्ही रूपें एकाच संचांत दिलीं, व तीन कां दिलीं तेंहि सांगितलें. वाचकास विश्वासांत घेणें यास म्हणतात. पाठभेद देणारा संपादक आणि पोथी फाडणारा दुकानदार यांत जेवढें अंतर, तेवढेंच या पेटीत व आमच्या त्या संतपटाच्या पेटींत.

आतां तर पेटीहि बहुतेक घरांतून गेली. चित्रपट तारेंतून येतो. वेष्टन नाहीं, म्हणून खोटा शब्द नाहीं, आणि खरा अंकहि नाहीं. २०१९ च्या नोव्हेंबरांत डिस्नीची नवी वाहिनी सुरू झाली तेव्हां 'द सिम्पसन्स' या चित्रमालिकेचे जुने, चारास तीनचे भाग सोळास नवांत कापून दाखविले गेले. एका भागांत दारूच्या कारखान्यांतील तीन निरनिराळ्या पेयांचे नळ वर एकाच नळींतून येतात, असा विनोद आहे. नळी वरच्या कडेस होती, ती कापली गेली, आणि विनोद नाहींसा झाला. प्रेक्षकांनीं ओरड केली, व २०२० च्या मे महिन्यांत मूळ चौकट निवडण्याची सोय करून देण्यांत आली. व्यंगचित्रांतील एका नळीसाठीं तेथील लोक भांडले. आपल्याकडे वारकऱ्यांचीं मस्तकें गेलीं, त्याबद्दल आमच्या एका पत्रापलीकडे कोणीं कांहीं लिहिल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं.

जुने मराठी बोलपट नव्यानें काढणाऱ्या प्रकाशकांपाशीं, मग ते तबकडीवर काढोत कीं तारेंतून पाठवोत, आमचें मागणें लहान आहे. नांवाच्या खालीं दोन अंक द्यावे. चित्रपट कोणत्या प्रमाणासाठीं घेतला होता तो एक. आणि या आवृत्तींत तो कोणत्या प्रमाणानें दिसतो तो दुसरा. दोन्ही सारखे असतील तर पुढें कांहीं सांगावयास नको; निराळे असतील तर कां, तें एका ओळींत सांगावें. विशेषण एकहि नको. घरांतील मंडळींनीं टीव्हीच्या चित्राच्या आकाराच्या यादींत जाऊन 'मूळ' किंवा 'ओरिजिनल' असें जें असेल तें एकदां निवडून ठेवावें, व पाहुण्यांच्या हातीं रिमोट देण्यापूर्वीं थोडा विचार करावा. त्या संतपटाची तबकडी महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत अजून आहे. तिच्या पेटीवरील तिसऱ्या शब्दावर आम्हीं काट मारून शेजारीं शाईनें १.३७ असें लिहिलें, तें ग्रंथपालांनीं आमच्या नांवावर पुस्तक खराब केल्याचा दंड म्हणून लावलें. दंड आम्हीं भरला. अंक तेथेंच आहे.